घरीच बरं

संघप्रिया : पाया पडत नाही, काका, नुसता खडू मागायले. माझ्या नाटकापुढचं तेवढं पुसते आणि जाते.

तात्याराव : खडू माझ्या खिशात हाय अन् तिथंच राहील. एकदा फाडलेलं तिकीट माघारी घेत नसतेत. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो मी.

शिवकन्या : सगळ्या ताडकळसला मालूम हाय ते. पोरी, तू आधी बस. सकाळपासून उभी हायस. माझं हॉटेल हाय हे, पोलीस ठाणं न्हाई. चहा टाकते.

संघप्रिया : चहा नको, मावशी. अकरा वाजले. किती पास गेले माझे?

शिवकन्या : चार.

संघप्रिया : चारच?

शिवकन्या : त्यातला एक माझा मीच काढला. खोटं कशाला बोलू? माणसं येतेत, फळा वाचतेत, अन् रामच्या ‘ड्रोनवाला जावई’चे पास मागतेत. ते तर काल सांजच्यालाच संपले.

संघप्रिया : बघा, काका. प्रत्येक नाटकाचे दोन प्रयोग. माझा पहिला काल झाला, नऊ माणसांपुढं. दुसरा आज चारला. दोनपर्यंत पंधरा पास गेले नाहीत तर मला दिलेली शाळेची खोली रामच्या नाटकाला द्यायची, असं कमिटीनं ठरवलंय. आणि तुम्ही माझ्या ‘शिलाई’पुढं लिहिलंत, ‘घरीच बरं’.

तात्याराव : मग काय लिहू? पद्धत तुला ठाऊक हाय ना? स्पर्धेत जी बसत न्हाईत, परभणीच्या मोठ्या स्टेजवर ज्यांना कुणी उभं करत न्हाई, ती सगळी नाटकं इथं येतेत. नावच हाय, ‘काठावरचा नाट्यमहोत्सव’. कुणाचं गोडाऊनमधी, कुणाचं बाजाराच्या ओट्यावर. तीन दिवसांत बारा नाटकं. लोकांचा हरभरा काढायला आलाय, बारा बघायला सवड कुणाला? म्हणून मी समदी बघतो अन् सकाळी फळ्यावर लिहितो. ‘जा’, ‘जमलं तर जा’, ‘घरीच बरं’. तीनच शेरे. चौथा न्हाई.

संघप्रिया : पद्धत ठाऊक आहे. त्या पद्धतीनंच मेले मी.

तात्याराव : नाटक मेलंय, तू न्हाईस. पुढच्या साली दुसरं कर.

संघप्रिया : आज माझी आई येणार आहे, काका. झरीहून. परभणीला गाडी बदलून तीनपर्यंत पोचंल. गीताबाई टेलर म्हणतात तिला. लग्नसराईत दुकान बंद ठेवून यायली. मी शाळेपासून नाटकं करते, तिनं एकही बघितलं नाही. आणि हे नाटकच तिचं आहे. तिच्या गोष्टी, तिच्याच शब्दांत. ती आली आणि तिला सांगायचं, आई, माघारी चल, तुझी गोष्ट ऐकायला पंधरा माणसंसुद्धा मिळाली नाहीत? ती काही बोलणार नाही. मान हलवंल आणि गाडीत बसंल. आयुष्यभर मनात ठेवंल, की माझ्यात बघण्यासारखं होतंच काय.

शिवकन्या : तात्या, भजे घेता का गरम गरम? तात्या! ओ तात्या!

संघप्रिया : काका, मावशी विचारायलेत.

तात्याराव : काय?

शिवकन्या : भजे. घेता का? थांबा, इकडून येते मी... भजे, भजे!

तात्याराव : दे की. वरडतीस कशाला? हे बघ पोरी, तुझ्या आईबद्दल माझं काही म्हणणं न्हाई. पण इमानानं सांगतो. तू काल पस्तीस मिनिटं आमच्याकडं पाठ करून बसलीस. शिलाई मशीनवर, भिंतीकडं तोंड. एकदा, एकदाबी वळून बघितलं न्हाईस. नट म्हणायचं अन् तोंड दाखवायचं न्हाई? रातच्या वस्तीची गाडी घेऊन नांदेड-लातूरला जायचो तवा मोठमोठे नट बघितलेत मी. पाठ दाखवणारा एक न्हाई बघितला.

संघप्रिया : आई तशीच बसायची. मशीन खिडकीखाली, उजेडाला. आम्ही बहिणी तिच्या मागं सतरंजीवर. शिवता शिवता ती गोष्टी सांगायची. तिचं तोंड आम्हाला दिसायचंच नाही, पाठ दिसायची, वेणी दिसायची आणि आवाज यायचा. मशीन थांबलं की मी मागून म्हणायचे, ‘अजून सांग’. की पुन्हा मशीन सुरू, पुन्हा गोष्ट. माझ्या लहानपणी आई म्हणजे पाठच होती. ती वळली तर ते नाटक कुणाचंही होईल, माझ्या आईचं नाही.

तात्याराव : असंल. पण आवाज पोचला पायजे ना! पोचलाच न्हाई.

संघप्रिया : चार महिने त्या आवाजावर मेहनत घेतली मी. भिंतीवर मारायचा आणि भिंतीवरून मागं पाठवायचा. काल शेवटच्या बाकावर शाळेतल्या रोहिणी मॅडम होत्या, त्यांना शब्द न् शब्द ऐकू आला.

तात्याराव : मॅडम तोंडदेखलं बोलल्या असतील. मी दुसऱ्या रांगेत होतो.

शिवकन्या : मी तर दारात उभी होते, तात्या. दूध आटायला ठेवून आलते. समदं ऐकू आलं मला.

तात्याराव : तू मधी पडणार न्हाई म्हणलीस न मगाशी?

शिवकन्या : म्हणले न्हाई. म्हणणार होते.

संघप्रिया : बरं, आवाज पोचला नाही म्हणता. मग नाटक कळालं का नाही तुम्हाला?

तात्याराव : कळायला काय त्याच्यात? टेलरीण बाई हाय. शिवती. भिंतीला मोरपंखी ब्लाऊज टांगलेला हाय. शेवटाला ती ब्लाऊज काढती अन् टराटरा उसवती. रागानं. अन् अंधार. आता राग कशाचा, ते लिहिणारीनं सांगायला पायजे होतं. न्हाईतर माणूस घरी जाताना डोकं खाजवत जातो.

संघप्रिया : रागानं?

तात्याराव : मग? उसवायली म्हणजे रागच की.

शिवकन्या : राग कुठला ओ, तात्या? ती तर सांगायली होती समदं. कडूबाईनं लेकीच्या लग्नासाठी तो ब्लाऊज शिवायला टाकला. लग्न मोडलं. कडूबाई लाजंनं न्यायला आलीच न्हाई. अकरा वर्षं खिळ्याला तसाच. अन् मग एक दिवस तीच लेक दारात उभी, कडंवर लेकरू. दुसरीकडं नांदायली बिचारी. मागत काही न्हाई, नुसती ब्लाऊजाकडं बघायली. तवा ही म्हणती, थांब गं बाई, अन् तो उसवून त्या लेकराला झबलं शिवती. माझ्या तर डोळ्याला धार लागली. दूध उतू गेलं तिकडं.

संघप्रिया : हे सगळं मी बोलते, काका. उसवता उसवता बोलते. पाच मिनिटं.

तात्याराव : असंल. मशीनच्या आवाजात गेलं असंल.

संघप्रिया : उसवताना मशीन बंद असतं.

तात्याराव : चहा कुठंय माझा?

संघप्रिया : गेल्या साली चुडाव्याच्या सिद्धोधननं नाटक केलं होतं. एका कंदिलावर. त्याला काय दिलंत?

तात्याराव : आता ते कशाला?

शिवकन्या : ‘घरीच बरं’.

संघप्रिया : आणि त्याच्या आदल्या साली ते मुखवट्यांचं? मी प्रेक्षकांत होते, लोक उठायला तयार नव्हते.

शिवकन्या : त्यालाबी तेच. पोरी, जाऊ दे आता.

संघप्रिया : का जाऊ दे? अंधारातलं, मुखवट्यातलं, पाठमोरं. तिन्हींत एकच गोष्ट आहे, मावशी. बोलणाऱ्याचं तोंड दिसत नाही. आणि मघाशी तुम्ही कढईकडं तोंड करून तीनदा हाक मारलीत, काकांनी मान वळवली नाही. समोर आलात, लगेच उत्तर दिलं.

तात्याराव : बहिरा म्हणायलीस मला? माझ्याच फळ्यापुढं? ऊठ. ऊठ इथून!

शिवकन्या : तात्या, बसा. बीपीची गोळी घेतली का सकाळी? बसा म्हणते न मी.

तात्याराव : हिला सांग, कालची पोरगी हाय...

शिवकन्या : ती खोटं काय बोलली? दोन साल झाले, मला मालूम हाय. कढई सोडून, भजे करपू देऊन तुमच्यापुढं येऊन बोलते ते काय उगंच? तुमच्या घरच्या नर्मदाकाकूंनीच सांगितलं होतं, शिवकन्या, समोर जाऊन बोलत जा.

तात्याराव : नर्मदानं सांगितलं?

शिवकन्या : काळजीनं सांगितलं. चहाडी न्हाई केली.

संघप्रिया : म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं, मावशी. माझं नाटक बघून तुम्ही रडलात, आणि सकाळी काका ‘घरीच बरं’ लिहायले तेव्हा बघत उभ्या राहिलात?

शिवकन्या : काय करू मग? म्हाताऱ्या माणसाची इज्जत हाय. कोणत्या तोंडानं सांगायचं, तात्या, तुमाला ऐकू आलं न्हाई, खाली ठेवा खडू? चुकलं माझं. चुकलं ते चुकलं.

तात्याराव : तिला बोलू नको. माझ्याकडं बघ अन् सावकाश बोल. न्हाई, तू नको बोलू, मी बोलतो. एकतीस वर्षं पूर्णा-परभणी भागात गाड्या केल्या मी. जुनी गाडी, पत्रा असा वाजायचा की शेजारच्याचं शेजारच्याला ऐकू येत नव्हतं. ऐकून तिकीट फाडलंच न्हाई कधी. ओठ बघायचे. चुडावा म्हणलं की ओठ पुढं येतेत. झरी म्हणलं की मागं जातेत. एक तिकीट चुकलं न्हाई माझं. कान कवा गेले ते मलाच कळालं न्हाई, कारण त्यांचं कामच पडत नव्हतं. रिटायर झालो, घरी बसलो, पंखा बंद, टीव्ही बंद, अन् नर्मदा मागून काहीतरी बोलायली होती म्हणं. तवा कळालं, शांततेतबी मला ऐकू येत न्हाई.

संघप्रिया : मग मशीन का नाही घेतलं कानाचं?

तात्याराव : पोरानं आणून दिलंय. कपाटात हाय. ते लावून फळ्यापुढं उभा राहिलो की लोक म्हणतील, ह्या बहिऱ्याचं ऐकून आपण नाटकं बघायलो व्हय? कंडक्टर होतो तवा पन्नास माणसं माझ्या बेलवर चालायची. आता मला कोण इचारतंय? वर्षात हे तीन दिवस सकाळी माणसं थांबतेत, फळा वाचतेत, म्हणतेत, तात्या, तुमी म्हणता तर जातो. तीन दिवस. बाकीचं वर्ष मी नुसता बसून असतो. लाज वाटली मला, पोरी. खरं सांगायलो.

संघप्रिया : मी कुणाला सांगणार नाही.

तात्याराव : तू सांगणार न्हाईस ते दिसलं मला. तोंडावर दिसतंय.

संघप्रिया : पण सिद्धोधन पुन्हा आला नाही, काका. तुमच्या फळ्यानंतर त्याच्या दुसऱ्या प्रयोगाला तीन माणसं होती. म्हणाला, आपल्याला जमत नाही ते करू नये. आता मोबाईलच्या दुकानात आहे. तो माझ्यापेक्षा चांगला होता.

तात्याराव : मला वाटलं, ते नाटक वाईटच हाय. जे मला कळंना ते वाईट, असंच धरून चाललो मी.

शिवकन्या : साडेअकरा झाले, तात्या. काय ते बघा. माणसं यायलेत शेताकडून.

तात्याराव : पुसणार मी न्हाई. लिहिलेलं पुसलं तर उद्या फळ्याला कोण मानंल? बाजूला सर, शिवकन्या. खाली जागा हाय.

शिवकन्या : काय लिहायलात? बारीक लिहायलात ओ, मोठं लिहा. मला वाचू द्या... ‘शिलाई हे नाटक मी पाहिले. ऐकले नाही. मला दोन्ही...’ तात्या! असं नका लिहू. नुसतं ‘जा’ लिहा की. कोण इचारायलंय तुमाला?

तात्याराव : ‘जा’ कसं लिहू? ऐकलंय कुठं मी? ते बी खोटंच झालं. वाच पुढं.

शिवकन्या : ‘मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येते. सबब वरील शेरा बाद समजावा. मागील दोन वर्षांचे कंदिलाच्या व मुखवट्याच्या नाटकांचे शेरेही बाद. आपण जावे, ऐकावे व मला येऊन सांगावे. तात्याराव, माजी वाहक.’ ... आता काय म्हणू मी तुमाला?

तात्याराव : काही म्हणू नको. पासचा गठ्ठा वर काढून ठेव. अन् एक मला दे. पुढच्या रांगेतला.

संघप्रिया : काका, मी पाठमोरीच बसणार. तुमच्यासाठी वळले तर...

तात्याराव : वळलीस तर ‘घरीच बरं’ लिहीन. जा, मशीनला तेल घाल. लय खडखडायलं होतं म्हणं.

(संध्याकाळ. तेच हॉटेल. फळ्यापुढं दोन-चार माणसं उभी राहून वाचतायत. संघप्रियाच्या हातात अजून शिंप्याची टेप आहे.)

शिवकन्या : सव्वीस माणसं! मोजली मी. दोन तर खिडकीतून बघायली होती. अन् आल्या आल्या कितीजण म्हणले, तात्यानं बोलावलंय ऐकायला, चला. मला वाटलं होतं हसतील. एक तात्यासारखाच माणूस, किशनराव, तो फळा वाचून म्हणला, मलाबी येत न्हाई ऐकू, मी सांगितलं न्हाई कुणाला.

तात्याराव : त्याला म्हणावं, मशीन घे. मी उद्यापासून लावणार हाय.

शिवकन्या : लावाच. कारण आज तुमी जे केलंत ना, तात्या, मला तोंड वर करायला जागा न्हाई ठेवली. पोरीचं नाटक चाललंय, सगळे समोर बघायलेत, अन् हे शेजारी बसलेल्या गीताबाईच्या तोंडाकडं टक लावून! पस्तीस मिनिटं! परकी बाई ती. मी मागून खडा मारणार होते तुमाला.

संघप्रिया : खरं, काका? माझी तर पाठ होती, मला काही दिसलं नाही.

तात्याराव : सांगतो ते. आधी एक काम कर. त्या सिद्धोधनचा नंबर असंल तुझ्याकडं. फोन लाव. त्याला म्हण, पुढच्या साली कंदील घेऊन ये, तात्याराव कंडक्टरनं माफी मागितलीय. तूच बोल. मला फोनमधी ओठ दिसत न्हाईत.

संघप्रिया : लावते. उद्या सकाळी लावते. आज माझं डोकं ठिकाणावर नाही.

शिवकन्या : कामून गं? सव्वीस माणसं आली, टाळ्या झाल्या. तोंड कामून पाडलंस?

संघप्रिया : आई गेली, मावशी. प्रयोग संपला, मी वळले, तोवर ती उठून चप्पल घालायली होती. मी जवळ गेले. माझा पदर नीट केला, म्हणाली, पाचची गाडी गाठते, लग्नाचे बारा ब्लाऊज राहिलेत. बास. कसं होतं, नाही. आवडलं, नाही. रागावली, तेही नाही. मला वाटलं होतं, आज तरी काहीतरी बोलंल. सव्वीस माणसांनी ऐकलं मला, आणि जिच्यासाठी केलं ती एक शब्द बोलली नाही.

तात्याराव : बोलली की.

संघप्रिया : काय?

तात्याराव : बोलली. पस्तीस मिनिटं बोलत होती. मी तिच्या शेजारी बसलो. तू मशीन सुरू केलंस अन् तिचे ओठ हलायला लागले. तुझ्याबरोबर. आवाज न्हाई, नुसते ओठ. समद्या गोष्टी तिच्याच न? मग मी तिच्याकडं तोंड करून बसलो. काल मला जे ऐकू आलं न्हाई ते आज तिच्या तोंडावरून ऐकलं समदं. कडूबाई, मोडलेलं लग्न, लेकरू, झबलं. एक शब्द सुटला न्हाई माझा.

शिवकन्या : अगं माय! म्हणून टक लावली व्हय!

तात्याराव : मग काय? वाहकानं प्रवाशाच्या तोंडाकडं बघायचं न्हाई तर कुठं बघायचं?

संघप्रिया : आई... माझ्याबरोबर बोलत होती?

तात्याराव : एका ठिकाणी तिचे ओठ मधीच थांबले, तवा कळालं, तू अडखळलीस. ती थांबली, तुला सुचेस्तोवर. अन् शेवटाला तुझं उसवून झालं, हात थांबले. आता अंधार होणार. तवा तिनं एक वाक्य म्हणलं. ते तुझ्या नाटकातलं नव्हतं. म्हणजे तू बोलत न्हाईस ते. पण सकाळी तूच इथं बसून सांगितलं होतंस, म्हणून मला लगेच ओळखू आलं.

संघप्रिया : काय म्हणली?

तात्याराव : तुझ्या पाठीकडं बघितलं, अन् म्हणली, ‘अजून सांग.’